मास्किंग टेप (प्रतिकृतींचे रंगकाम)

मास्किंग टेप ही रंगकाम करताना पृष्ठभागाचा काही भाग तात्पुरता झाकण्यासाठी वापरली जाणारी चिकटपट्टी होय. ती हलक्या दाबाने चिकटते आणि काम संपल्यावर मागे डाग किंवा चिकटा न ठेवता निघावी, अशी अपेक्षा असते. रेल्वेचे डबे, इंजिने, विमाने, मोटारी, जहाजे व इमारती यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती रंगवताना दोन रंगांमधील सीमारेषा स्वच्छ व सरळ यावी म्हणून तिचा वापर केला जातो.

भिंतीसाठी किंवा मोटारीसाठी योग्य असलेली टेप प्रतिकृतीसाठी योग्य असेलच असे नाही. प्रतिकृतीचे आकारमान मूळ वस्तूपेक्षा कितीतरी पटींनी लहान असते. टेपची जाडी, तिच्या कडेचा खडबडीतपणा आणि रंगाच्या थराची उंची मात्र लहान होत नाही. त्यामुळे प्रतिकृतीसाठी टेप निवडताना कडेचा पातळपणा, चिकटद्रव्याची पकड आणि वळणावर बसण्याची क्षमता हे तीन गुण पाहिले जातात. टेपची पकड ही खालच्या रंगाच्या पृष्ठभागावरील पकडीपेक्षा कमी असली पाहिजे, हा या निवडीचा मूलभूत नियम आहे.

## प्रमाण आणि कडेचा प्रश्न

प्रतिकृती ज्या गुणोत्तरात लहान केलेली असते त्याला तिचे प्रमाण म्हणतात. रेल्वे प्रतिकृतींमध्ये १:८७ (एचओ), १:७६ (ओओ) आणि १:१६० (एन) ही प्रमाणे प्रचलित आहेत. भारतातील आयसीएफ बनावटीच्या प्रवासी डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर असते. १:८७ प्रमाणात तो डबा सुमारे २४५ मिमी लांबीचा होतो. मूळ डब्यावरील पट्ट्यांची रुंदी प्रतिकृतीवर किती उरते, हे पुढील तक्त्यावरून दिसते.

| मूळ पट्टीची रुंदी | १:७६ | १:८७ | १:१६० |
|---|---|---|---|
| १०० मिमी | १.३२ मिमी | १.१५ मिमी | ०.६३ मिमी |
| ५० मिमी | ०.६६ मिमी | ०.५७ मिमी | ०.३१ मिमी |
| २५ मिमी | ०.३३ मिमी | ०.२९ मिमी | ०.१६ मिमी |

हाच हिशेब उलटाही करता येतो. साधारण ०.१ मिमी जाडीच्या टेपलगत रंगाची ०.०३ मिमी उंचीची कड उभी राहिली, तर १:८७ प्रमाणात ती मूळ डब्यावरील सुमारे २.६ मिमी उंच कडेइतकी दिसते. रेषेत ०.२ मिमीचा नागमोडीपणा आला, तर तो मूळ डब्यावरील १७ मिमीच्या चुकीएवढा होतो. रेल्वेच्या कार्यशाळेतील कोणताही रंगारी एवढी चूक ठेवणार नाही. प्रतिकृतीकडे पाहणाऱ्याला आकडे ठाऊक नसले, तरी काहीतरी चुकले आहे हे त्याच्या नजरेला कळते.

## इतिहास

मास्किंग टेपचा उगम मोटारींच्या रंगकामातून झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारी लोकप्रिय होत्या. पहिला रंग झाकण्यासाठी कारागीर कागद गोंदाने चिकटवत. तो काढताना अनेकदा ताजा रंगही निघून येई आणि काम पुन्हा करावे लागे. मिनेसोटा राज्यातील थ्रीएम या कंपनीत काम करणारे रिचर्ड ड्रू हे घासकागदाचे नमुने घेऊन अशा रंगशाळांमध्ये जात असत. तेथील अडचण पाहून त्यांनी १९२५ मध्ये क्रेप कागदावर सौम्य चिकटद्रव्य लावलेली पट्टी तयार केली. क्रेप कागदाला चुण्या असल्यामुळे तो थोडा ताणला जातो आणि मोटारीच्या गोलाईवर बसतो. याच ड्रू यांनी १९३० मध्ये सेलोफेनची पारदर्शक चिकटपट्टी तयार केली.

प्रतिकृतींच्या रंगकामात आज अधिक पसंत केली जाणारी पातळ कागदी टेप जपानी परंपरेतील आहे. ‘वाशी’ म्हणजे जपानी पद्धतीचा कागद. नवी मुंबईतील वाशी या उपनगराशी या शब्दाचा संबंध नाही. लांब तंतूंमुळे हा कागद पातळ असूनही चिवट असतो. जपानमधील कुराशिकी येथील कामोई काकोशी ही कंपनी १९२३ मध्ये माशा पकडण्याच्या चिकट कागदाच्या व्यवसायातून सुरू झाली आणि पुढे वाशी कागदाच्या मास्किंग टेपची मोठी उत्पादक बनली. प्रतिकृतींचे संच बनवणाऱ्या तामिया या जपानी कंपनीची पिवळी मास्किंग टेप याच जातीची असून ती ६, १०, १८ व ४० मिमी अशा रुंदीत मिळते. अगदी अरुंद रेषांसाठी १ ते ५ मिमी रुंदीच्या पट्ट्याही उपलब्ध आहेत.

## रचना आणि कार्य

मास्किंग टेपचे दोन मुख्य घटक असतात: आधारपट्टी आणि चिकटद्रव्य. आधारपट्टी कागदाची, प्लास्टिकची किंवा मेणयुक्त पटलाची असते. चिकटद्रव्य रबरावर किंवा ॲक्रिलिकवर आधारित असते. ते गोंदाप्रमाणे वाळून घट्ट होत नाही, तर मऊच राहते आणि दाबल्यावर पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत शिरते. जितका वेळ टेप चिकटून राहील आणि जितकी उष्णता मिळेल, तितके ते अधिक खोल शिरते. म्हणूनच लावल्यावर अर्ध्या तासात सहज निघणारी टेप आठवड्यानंतर रंगासह निघू शकते.

टेप काढताना दोन ठिकाणच्या पकडींची परीक्षा होते. एक पकड टेप आणि रंग यांच्यातील, तर दुसरी रंग आणि त्याखालील प्लास्टिक, धातू किंवा पुठ्ठा यांच्यातील. यांपैकी जी कमजोर असेल ती सुटते. रंग टेपसोबत निघाला की दोष टेपला दिला जातो. पण अनेकदा खरे कारण न धुतलेले प्लास्टिक, न दिलेले अस्तर किंवा अपुरा वाळलेला रंग हे असते.

## प्रकार

* क्रेप कागदाची टेप – हार्डवेअर, मोटारींच्या रंगाच्या व लेखनसाहित्याच्या दुकानांत मिळणारी फिकट पिवळसर टेप. ती स्वस्त असते आणि सर्वत्र मिळते. मात्र तिची जाडी साधारण ०.१३ ते ०.१५ मिमी असते आणि चुण्यांमुळे कड सूक्ष्म दातेरी येते. प्रतिकृतीवर रंगसीमेसाठी ती योग्य नसते. सीमेपासून दूरचा मोठा भाग कागदाने झाकताना तो कागद धरून ठेवण्यासाठी उपयोगी पडते.
* वाशी कागदाची टेप – पातळ, किंचित अर्धपारदर्शक व सौम्य पकडीची. सरळ रेषांसाठी ती सर्वाधिक वापरली जाते. पात्याने सहज कापता येते आणि खालची रेषा तिच्यातून दिसते. विमानांच्या काचांच्या चौकटींसाठी मिळणारे आयते कापलेले आकारही अशाच पातळ कागदी टेपचे असतात.
* व्हिनाइलची टेप – मऊ व ताणली जाणारी प्लास्टिकची टेप. मोटारीच्या चाकावरील कमान, इंजिनाच्या तोंडावरील वळणदार पट्टा अशा ठिकाणी ती सुरकुती न पडता वळते. जास्त ताणून लावल्यास ती हळूहळू आकसून मूळ लांबीकडे येते व टोके सुटतात. म्हणून न ताणता फक्त वळवावी लागते.
* विजेच्या कामाची टेप – ही पीव्हीसीची टेप काळजीपूर्वक वापरल्यास साध्या वळणावर चालते, पण तिचे चिकटद्रव्य उष्णतेत ओघळते व चिकटा सोडते. लोखंडी पट्टीच्या आधाराने तिची ताजी कड कापून घेतली आणि काम त्याच दिवशी संपवले, तर धोका कमी होतो.
* पारदर्शक सेलो टेप – कड अत्यंत स्वच्छ असते, पण पकड तीव्र असते. रंगवलेल्या पृष्ठभागावर ती टाळली जाते.
* द्रव मास्क – रबराचा द्रव ब्रशने लावतात. तो वाळून त्वचेसारखे पटल बनते व नंतर सोलून काढतात. काचा, दिवे किंवा अनियमित आकार झाकण्यास उपयुक्त. काही द्रवांमध्ये अमोनिया असल्याने ते ॲक्रिलिक रंगाला बाधक ठरू शकतात. सरळ रेषेसाठी हा प्रकार योग्य नाही.
* चिकणमातीसारखे पुनर्वापराचे चिकटद्रव्य – भिंतीवर कागद लावण्यासाठी मिळणारे हे मऊ द्रव्य वळ्या करून लावले असता लष्करी वाहनांवरील व विमानांवरील मऊ कडेची छद्मरंगसंगती साधता येते.

## निवडीचे निकष

### खालच्या रंगाची पकड

इनॅमल, लॅकर व ॲक्रिलिक या तीन रंगप्रकारांची पकड सारखी नसते. लॅकर प्लास्टिकच्या पृष्ठभागात थोडे विरघळून घट्ट बसते. पाण्यावर आधारित ॲक्रिलिकचे पटल मुख्यतः वरून धरलेले असते आणि अस्तराशिवाय सहज सोलले जाते. इनॅमल वाळायला वेळ घेते, पण पूर्ण वाळल्यावर टणक होते. चंदेरी व सोनेरी रंग सर्वांत नाजूक असतात. त्यांतील धातूचे सूक्ष्म कण एकमेकांवर नुसते टेकलेले असतात आणि टेप त्यांचा वरचा थर उचलून आणते. अशा रंगावर टेप लावण्यापूर्वी पारदर्शक वार्निशचा हलका थर देतात.

टेपची पकड कमी करण्याचा साधा उपाय म्हणजे ती प्रथम स्वच्छ काचेवर किंवा तळहातावर एक-दोनदा चिकटवून काढणे. तळहाताच्या उपायात त्वचेचे तेल टेपला लागते व ते पुढे रंगाखाली जाते. म्हणून काच अधिक चांगली.

### सीमारेषेचा आकार

सरळ रेषेला ताण न खाणारी टेप हवी, वळणाला ताण घेणारी. वाशीची टेप अर्ध्या ते एक मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापली तर सौम्य वळण घेते. अशा अरुंद पट्टीने सीमा आखून घ्यावी आणि तिच्यामागे रुंद, स्वस्त टेप लावावी, ही पद्धत खर्च वाचवणारी व अचूक आहे. महागडी टेप केवळ सीमेपुरती लागते.

### पृष्ठभाग

गुळगुळीत पॉलिस्टायरीन प्लास्टिकवर टेप चांगली बसते. त्रिमितीय मुद्रणयंत्रावर छापलेल्या भागांवर थरांच्या बारीक रेघा असतात. टेप त्या रेघांवर पूल बांधल्यासारखी बसते आणि रंग खालच्या खाचांतून आत शिरतो. असे भाग आधी भरून व घासून घ्यावे लागतात. शालेय प्रकल्पांतील पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींवर टेप कागदाचे तंतू उचलते. त्यामुळे पुठ्ठ्यावर प्रथम वार्निशचे किंवा अस्तराचे दोन थर द्यावेत. थर्मोकोलवर टेप वापरण्याआधीच रंगाचा विचार करावा लागतो, कारण बहुतेक डबाबंद फवाऱ्यांमधील द्रावक थर्मोकोल विरघळवतात.

## उदाहरण: डेक्कन क्वीनच्या दोन रंगसंगती

टेपची निवड वस्तूनुसार कशी बदलते, हे मुंबई–पुणे मार्गावरील डेक्कन क्वीन या गाडीच्या प्रतिकृतीवरून स्पष्ट होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू केली. सुरुवातीला तिचे प्रत्येकी ७ डब्यांचे दोन संच होते. एक संच चंदेरी रंगाचा असून त्याच्या उठावदार पट्ट्या शेंदरी तांबड्या होत्या. दुसरा गडद राजनिळा असून त्यावर सोनेरी रेषा होत्या. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये, तर वरचा भाग रेल्वेच्या माटुंगा कार्यशाळेत तयार झाला होता. १९६६ मध्ये हे जुने संच जाऊन पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीचे डबे आले. जून २०२२ पासून गाडीला एलएचबी बनावटीचे डबे आहेत. मूळ रंगांतील गाडी आज रुळावर पाहता येत नाही. तिचे रंग पुन्हा डोळ्यांसमोर आणण्याचा एक मार्ग म्हणजे प्रतिकृती. म्हणून अभ्यासू प्रतिकृतिकारांच्या दृष्टीने येथील रेषांचा नेमकेपणा महत्त्वाचा ठरतो.

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याला या गाडीचा निकटचा संबंध आहे. भोर घाटाची १:३७ ची चढण कर्जतपासून पुढे सुरू होते आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने कर्जत स्थानकात जोडली जातात.

### निळा संच: सोनेरी रेषा

सपाट पृष्ठभागावरील बारीक रेषेसाठी दोन पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत रेषेच्या जागी आधी सोनेरी रंग फवारतात, तो वाळल्यावर वार्निशचा थर देतात, त्यावर रेषेच्या रुंदीची टेप लावतात आणि सगळीकडे निळा रंग फवारतात. टेप काढली की तिच्या रुंदीची सोनेरी रेषा उरते. रेषेच्या दोन्ही कडा आपोआप समांतर येतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. तोटा असा की टेप नाजूक सोनेरी रंगावर बसते आणि रेषा दोन्ही बाजूंच्या निळ्या थरापेक्षा किंचित खोल राहते. शेवटी दिलेल्या वार्निशने ही खोली बुजते.

दुसऱ्या पद्धतीत आधी निळा रंग देतात. रेषेच्या जागी रेषेच्या रुंदीची टेप मोजपट्टीप्रमाणे लावतात, तिच्या वर व खाली तिला भिडवून दोन टेप लावतात आणि मधली टेप काढून टाकतात. उरलेल्या फटीत सोनेरी रंगाचे हलके थर फवारतात. येथे टेप मजबूत निळ्या रंगावर बसत असल्याने धोका कमी असतो, पण कडेखाली रंग शिरण्याच्या जागा दोन होतात.

मूळ रेषा ५० मिमी रुंदीची धरली, तर १:८७ प्रमाणात सुमारे ०.६ मिमी रुंदीची टेप लागेल. इतकी अरुंद टेप आयती न मिळाल्यास वाशीची टेप काचेवर लावून लोखंडी पट्टी व नव्या पात्याने कापतात. दोन्ही पद्धतींत क्रेप टेप निरुपयोगी ठरते, कारण तिच्या चुण्याच रेषेच्या रुंदीच्या तुलनेत मोठ्या असतात.

### चंदेरी संच: शेंदरी उठावदार पट्ट्या

या संचात अडचण वेगळी आहे. पट्टी सपाट पृष्ठभागावर नसून त्यातून वर उचललेली आहे. तिच्या पायथ्याशी लावलेली टेप उठावावर चढते, कोपऱ्यात तंबूसारखी पोकळी राहते आणि त्या पोकळीत रंग ओढला जातो. शिवाय संपूर्ण डबा चंदेरी असल्यामुळे प्रत्येक टेप सर्वांत नाजूक रंगावरच बसणार.

अशा ठिकाणी टेप न लावणे हीच योग्य निवड असते. डबा चंदेरी रंगवून त्यावर वार्निशचा थर देतात आणि किंचित घट्ट शेंदरी रंग घेऊन ब्रशची बाजू उठावावरून सरकवतात. उठावाची कडच ब्रशला मार्ग दाखवते. दुसरा मार्ग म्हणजे पट्ट्या पातळ प्लास्टिकच्या काड्यांपासून वेगळ्या रंगवून नंतर चिकटवणे. याच रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत मूर्तीच्या अंगाला यंत्राने रंग फवारला जातो, पण डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते. तेथेही पृष्ठभाग गोलाईचा असल्याने आच्छादनापेक्षा सरावलेला हात उपयोगी पडतो.

एकाच गाडीचे दोन संच, एकाच प्रमाणात आणि एकाच कारागिराने रंगवायचे असले तरी एकाला अतिशय अरुंद वाशी टेप लागते आणि दुसऱ्याला जवळपास टेपच लागत नाही.

## वापराची पद्धत

१. प्लास्टिकचे भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत. साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेलकट द्रव्य राहिल्यास अस्तरही धरत नाही.

२. अस्तर व पहिला रंग द्यावा. शक्यतो फिकट रंग आधी आणि गडद रंग नंतर द्यावा, कारण गडदावर फिकट रंग झाकण्यास जास्त थर लागतात व कड उंच होते.

३. रंग पूर्ण वाळू द्यावा. नाकाजवळ धरल्यावर द्रावकाचा वास येत असेल, तर तो वाळलेला नाही.

४. गुंडाळीची बाहेरची कड धुळीने माखलेली असते. टेप काचेवर लावून नवी कड कापून घ्यावी. हा एक उपाय साध्या टेपचाही दर्जा वाढवतो.

५. टेप लावल्यावर केवळ सीमेलगतची कड बांबूच्या काडीने किंवा कापसाच्या काडीने दाबावी. रिव्हेट व फटी यांभोवती ती नीट बसली आहे का, हे तिरप्या प्रकाशात पाहावे.

६. दुसरा रंग देण्यापूर्वी कडेवर खालच्याच रंगाचा किंवा पारदर्शक वार्निशचा एक हलका फवारा द्यावा. काही रंग आत शिरलाच तर तो खालच्या रंगाचाच असतो आणि फट बंद होते.

७. दुसऱ्या रंगाचे पातळ, जवळजवळ कोरडे थर द्यावेत. फवारा लंब दिशेने किंवा टेपकडून उघड्या भागाकडे असावा. उलट दिशेचा फवारा रंग कडेखाली ढकलतो.

८. रंग स्पर्शास कोरडा झाला, पण पूर्ण टणक झाला नाही, अशा वेळी टेप काढावी. ती वर न खेचता स्वतःवरच मागे दुमडून, पृष्ठभागालगत ठेवून सावकाश ओढावी. वर खेचल्यास रंगावर उचलणारा जोर येतो.

फवारणी हवेशीर जागेत व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी लावून करावी. धारदार पाते वापरताना कापण्याची दिशा बोटांपासून दूर असावी.

## हवामानाचा परिणाम

कर्जत–मुरबाड मार्गावरील कडाव आणि आसपासची कर्जत व खालापूर तालुक्यांतील गावे सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. जून ते सप्टेंबर या काळात येथे मुसळधार पाऊस पडतो व हवा सतत दमट असते. एप्रिल–मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. परदेशी उत्पादनांच्या वेष्टनांवरील वाळण्याचा वेळ अशा हवेसाठी दिलेला नसतो.

दमट हवेत पाण्यावर आधारित रंगातील पाणी सावकाश उडते. वरून कोरडा दिसणारा थर आत ओलसर राहतो व टेपसोबत निघतो. लॅकरच्या बाबतीत द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून पावसाळ्यात दोन रंगांमधील विराम वाढवावा लागतो. झाकण असलेल्या पेटीत लहान दिवा लावून किंवा सिलिका जेलच्या पुड्या ठेवून प्रतिकृती वाळवणे हा सोयीचा उपाय आहे.

उन्हाळ्यातील धोका टेपच्या बाजूने असतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेल्या प्रतिकृतीवरील टेपचे चिकटद्रव्य मऊ होऊन रंगात रुतते. या काळात टेप लावणे, फवारणे व काढणे ही कामे एकाच दिवसात उरकणे हिताचे असते. टेपच्या गुंडाळ्याही घट्ट झाकणाच्या डब्यात व सावलीत ठेवाव्यात; जुन्या गुंडाळीची पकड असमान होते आणि कागद फाटू लागतो.

## सामान्य दोष व त्यांची कारणे

* कडेखाली रंग शिरणे – कड नीट न दाबणे, रंग फार पातळ असणे, ओला थर देणे किंवा खडबडीत पृष्ठभाग.
* खालचा रंग निघून येणे – न धुतलेला पृष्ठभाग, अस्तराचा अभाव, अपुरे वाळणे, तीव्र पकडीची टेप किंवा ती फार दिवस ठेवणे.
* सीमेवर उंच कड राहणे – जाड टेप व जाड थर. पूर्ण वाळल्यावर अतिबारीक घासकागद पाण्यासह हलकेच फिरवून ती कमी करता येते.
* दातेरी रेषा – क्रेप टेप, बोथट पाते किंवा धुळीने खराब झालेली कड.
* चिकटा राहणे – उष्णता किंवा जुनी टेप. त्याच टेपचा ताजा तुकडा वारंवार टिपून चिकटा उचलतात. द्रावक वापरायचा असल्यास प्रतिकृतीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर आधी परीक्षा घेतात.

## पूर्वपरीक्षा

टेप साधारणपणे कामाच्या शेवटच्या टप्प्यांत लागते. त्या वेळी जुळणी, घासणे, अस्तर व पहिला रंग यांत कारागिराचे अनेक दिवस गेलेले असतात आणि टेप काढताना झालेली हानी सहसा पूर्णपणे लपवता येत नाही. त्यामुळे नवी टेप किंवा नवा रंग थेट प्रतिकृतीवर वापरू नये, असा संकेत आहे. संचातील भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिचा तुकडा किंवा जुनी प्लास्टिकची पट्टी घेऊन त्यावर तेच अस्तर, तोच रंग व तीच टेप वापरली जाते. प्रतिकृतीवर टेप जितका वेळ राहणार तितकाच वेळ ती तुकड्यावरही ठेवतात. तुकड्यावर रंग टिकला, तरच टेप निवडली जाते. महाग टेप या परीक्षेत नापास होऊ शकते आणि नव्याने कड कापलेली साधी टेप उत्तीर्ण होऊ शकते. कारण परीक्षा टेपच्या नावाची नसून तिच्या, रंगाच्या व पृष्ठभागाच्या परस्परसंबंधाची असते.

## हेही पहा

* एअरब्रश
* प्रमाणबद्ध प्रतिकृती
* डेक्कन क्वीन
* भोर घाट
* माथेरान डोंगरी रेल्वे
* कर्जत तालुका
* कडाव